प्लेटलेट्स कमी, तरीही मेंदूत गुठळी: टीटीपी आणि पक्षाघात

प्लेटलेट्स कमी झाल्या म्हणजे रक्तस्रावाची भीती, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं आहे. डेंग्यूमुळे तर ते घराघरात पोचलं. आकडा खाली गेला की धास्ती, वर आला की सुटकेचा श्वास.

त्यामुळे एखाद्याच्या प्लेटलेट्स १४,००० वर आल्यात आणि त्याच वेळी त्याच्या मेंदूतली रक्तवाहिनी गुठळीनं बंद झाली आहे असं सांगितलं, तर ऐकणाऱ्याला ते पटत नाही. रक्त गोठवणाऱ्या पेशीच उरल्या नाहीत, मग गुठळी झाली कशी? प्रश्न अगदी रास्त आहे. त्या उरल्या नाहीत, कारण त्या गुठळ्यांमध्येच खर्ची पडल्या.

हे सगळ्यात ठळकपणे ज्या आजारात घडतं, त्याचं नाव थ्रॉम्बॉटिक थ्रॉम्बोसायटोपेनिक पर्प्युरा. नाव जिभेला झेपत नाही म्हणून डॉक्टरही टीटीपी एवढंच म्हणतात. नावाची फोड केली तर आजार निम्मा कळतो. थ्रॉम्बॉटिक म्हणजे गुठळ्या करणारा, थ्रॉम्बोसायटोपेनिक म्हणजे प्लेटलेट्स कमी असलेला, आणि पर्प्युरा म्हणजे कातडीवर उठणारे लालजांभळे डाग. गुठळ्या आणि प्लेटलेट्सची टंचाई, दोन्ही एकाच नावात शेजारी शेजारी बसलेल्या आहेत. आजार दुर्मीळ आहे: वर्षाला दहा लाख लोकांमागे साधारण दोन ते सहा नवे रुग्ण. पुरुषांपेक्षा बायकांमध्ये जास्त, आणि बहुतेकदा तिशी ते पन्नाशीच्या दरम्यान, म्हणजे ज्या वयात पक्षाघाताचा विचार कुणाच्या मनातही येत नाही.

दुर्मीळ असला तरी तो समजून घ्यायला हवा, कारण इथे वेळ गेली की माणूस जातो. उपचार न मिळालेल्या टीटीपीत दहापैकी नऊ रुग्ण दगावत. वेळेवर उपचार मिळाले तर बहुसंख्य वाचतात. एवढी मोठी तफावत फार थोड्या आजारांत दिसते, आणि ती बरीचशी पहिल्या काही तासांत कुणाला काय सुचतं यावर ठरते.

लांब धागा आणि हरवलेली कात्री

आधी प्लेटलेटचं काम पाहू. बोट कापलं की रक्तवाहिनीच्या भिंतीला भोक पडतं. रक्त वेगानं वाहत असतं, त्यात वाहून चाललेल्या प्लेटलेटला त्या भोकापाशी थांबायचं तर कशाला तरी धरावं लागतं. ती पकड देणाऱ्या प्रथिनाचं नाव फॉन विलेब्रांड फॅक्टर. रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरातल्या पेशी ते तयार करतात, गुंडाळून साठवतात आणि लागेल तसं बाहेर सोडतात. सुटताना ते लांबच लांब धाग्यासारखं असतं, एकासारखे एक तुकडे ओळीनं जोडत नेलेलं. धागा जितका लांब, तितक्या जास्त प्लेटलेट्स तो पकडतो.

ओढ्याकाठच्या झाडाची मुळं पाण्यात लोंबताना पाहिली असतील. मुळं आखूड असतील तर पाणी बाजूनं निघून जातं. लांब असतील तर आधी एखादी काडी अडकते, काडीला पान, पानाला गवत, आणि थोड्या दिवसांत तिथे गाळाचा बांध उभा राहतो. रक्तवाहिनीच्या भिंतीला धरून लोंबणाऱ्या या धाग्यांचं तसंच आहे. ते वेळच्या वेळी छाटले गेले नाहीत तर कुठलीही जखम नसताना त्यांना प्लेटलेट्स चिकटत जातात.

छाटणीचं काम एक एन्झाइम करतं. त्याचं नाव अ‍ॅडॅम्टीएस-१३. ते प्रामुख्यानं यकृतात तयार होतं. वाहत्या रक्ताच्या ओढीनं धागा ताणला गेला की त्याच्या आतली एक घडी उलगडते, आणि ही कात्री नेमकी त्या उघड्या पडलेल्या जागी चालते. धागा सैल असेल, घडी मिटलेली असेल, तर कात्रीला कापायला जागाच सापडत नाही. जिथे ओढ जास्त, तिथेच छाटणी. ही योजना मी पहिल्यांदा समजून घेतली तेव्हा कितीतरी वेळ तिच्याकडेच बघत राहिलो होतो. जखमेपाशी पकड हवी आणि बाकी सगळीकडे वाट मोकळी हवी, या दोन्ही गोष्टी शरीरानं एका घडीवर साधल्या आहेत.

टीटीपीत ही कात्रीच नाहीशी होते. अ‍ॅडॅम्टीएस-१३ ची क्रिया नेहमीच्या दहा टक्क्यांच्याही खाली उतरते. बहुतेक मोठ्या माणसांत याचं कारण स्वतःचीच प्रतिकारशक्ती असते. ती या एन्झाइमविरुद्ध अँटीबॉडी तयार करते आणि त्याला निकामी करते किंवा रक्तातून उचलून नेते. थोड्या लोकांत दोष जन्मजात असतो. आई आणि वडील दोघांकडून सदोष जनुक आलेलं असतं आणि कात्री मुळातच नीट बनत नाही. असं बाळ जन्मानंतर लगेच काविळीनं आणि कमी प्लेटलेट्सनी आजारी पडू शकतं. काही मुलींमध्ये मात्र दोष वर्षानुवर्षं लपून राहतो आणि पहिल्या गरोदरपणात उफाळून येतो, कारण गरोदरपणात फॉन विलेब्रांड फॅक्टरचं प्रमाण वाढतं आणि आधीच अपुरी असलेली छाटणी आणखी अपुरी पडते.

कात्री गेली की तीन गोष्टी एकदम सुरू होतात. शरीरभर बारीक रक्तवाहिन्यांत प्लेटलेट्सच्या गुठळ्या साचतात, त्यामुळे रक्तात फिरणाऱ्या प्लेटलेट्स संपत जातात. त्या गुठळ्यांमागच्या पेशींना रक्त मिळत नाही. आणि अर्धवट बुजलेल्या वाहिनीतून वेगानं घुसणाऱ्या तांबड्या पेशी धाग्यांवर आपटून फाटतात. त्यातून हिमोग्लोबिन घसरतं, डोळे पिवळट दिसतात, लघवी गडद होते, जिना चढताना दम लागतो.

न्यूयॉर्कमधली ती मुलगी

१९२४ साली न्यूयॉर्कमधल्या एली मोशकोविट्झ या डॉक्टरांनी सोळा वर्षांच्या एका मुलीची हकिकत मांडली. ताप, फिकटपणा, हातांत दुखणं आणि अशक्तपणा अशी सुरुवात. मग शरीराची डावी बाजू लुळी पडली, शुद्ध हरपली आणि साधारण दोन आठवड्यांत तिचा मृत्यू झाला. शवविच्छेदनात अगदी बारीक रक्तवाहिन्यांमध्ये काचेसारख्या दिसणाऱ्या गुठळ्याच गुठळ्या सापडल्या. रक्तात काहीतरी जहाल विष फिरत असावं आणि ते एकाच वेळी पेशी चिकटवतही असावं आणि फोडतही असावं, असा त्यांचा अंदाज होता. विष नव्हतं, पण चिकटणं आणि फुटणं एकाच मुळातून येतं हे त्यांनी बरोबर ओळखलं होतं. आणि वैद्यकशास्त्रात नोंदल्या गेलेल्या या पहिल्या रुग्णालाच पक्षाघात झाला होता, हे विसरून चालणार नाही. या आजारात मेंदूला होणारी इजा नंतर कधीतरी कळलेली गोष्ट नव्हे, ती पहिल्या पानावरच आहे.

गंमत पाहा, त्यानंतर दोनच वर्षांनी, १९२६ मध्ये, फिनलंडचे एरिक फॉन विलेब्रांड यांनी ओलांड बेटांवरच्या एका कुटुंबातला रक्तस्रावाचा विकार लिहून काढला. त्या कुटुंबात ज्या प्रथिनाची उणीव होती, तेच प्रथिन मोशकोविट्झ यांच्या रुग्णाच्या रक्तवाहिन्यांत नको तितकं लांब होऊन बसलं होतं. एकीकडे धागा अपुरा म्हणून रक्त थांबत नाही, दुसरीकडे धागा न छाटलेला म्हणून रक्त पुढे जात नाही. दोन्ही टोकं एकाच धाग्याची आहेत, हे कळायला मात्र पन्नासहून जास्त वर्षं गेली. १९८२ मध्ये अमेरिकेतले जोएल मोक आणि त्यांच्या सहकाऱ्यांना टीटीपी पुन्हा पुन्हा होणाऱ्या रुग्णांच्या रक्तात हे अवाढव्य धागे दिसले. धागा कापणारं एन्झाइम १९९६ मध्ये हाती लागलं. १९९८ मध्ये स्वित्झर्लंडचे मिहा फुर्लान आणि न्यूयॉर्कचे हान-मोउ त्साई यांच्या गटांनी वेगवेगळ्या अभ्यासांतून दाखवलं की टीटीपीत तेच एन्झाइम गायब असतं आणि त्याच्याविरुद्धच्या अँटीबॉडी सापडतात. २००१ मध्ये त्याचं जनुक ओळखलं गेलं आणि आजचं नाव रूढ झालं.

म्हणजे पहिल्या नोंदीपासून खरं कारण कळेपर्यंत सुमारे पाऊण शतक. उपचार मात्र त्याआधीच सापडला होता, त्याकडे पुढे येऊ.

मेंदूच का

गुठळ्या तर सगळीकडे होतात. हृदयात होतात आणि छातीत दुखतं, पोटातल्या वाहिन्यांत होतात आणि पोट धरतं, मूत्रपिंडालाही थोडाफार फटका बसतो. पण मेंदूचं दुखणं सगळ्यात लवकर बाहेर दिसतं. शरीराच्या वजनात मेंदूचा वाटा दोन टक्क्यांच्या आसपास, पण हृदयातून निघालेल्या रक्तापैकी सुमारे १५ ते २० टक्के रक्त एकटा मेंदू घेतो. शिवाय त्याच्याकडे साठा जवळपास नसतो. स्नायू थोडा वेळ उसनवारीवर काढतो, मेंदूच्या पेशीला तेवढी सवड मिळत नाही. त्यात मेंदूतल्या बारीक धमन्यांमध्ये रक्ताची ओढ जोरात असते, आणि ओढ जोरात म्हणजे न छाटलेला धागा ताणून उघडा पडणार, प्लेटलेट्स त्याला बिलगणार.

निम्म्याहून जास्त रुग्णांत मेंदूची काही ना काही लक्षणं दिसतात. सुरुवात मात्र नेहमीच्या पक्षाघातासारखी धाडकन होईलच असं नाही. डोकं दुखतं. माणूस गोंधळल्यासारखा वागतो. बोलता बोलता साधा शब्द सापडत नाही, चमच्याला 'ते, ते आपलं' म्हणत राहतो. हातातली वस्तू निसटते, नजरेसमोर अंधारी येते. दहा-पंधरा मिनिटांत सगळं पूर्ववत होतं. मग दोन तासांनी उजव्याऐवजी डावा हात. फिटही येऊ शकते.

ही येणारी-जाणारी, जागा बदलणारी लक्षणं टीटीपीची मोठी खूण आहेत. मोठ्या धमनीत एक घट्ट गुठळी अडकली की ठरावीक भाग बंद पडतो आणि बंदच राहतो. इथे गुठळ्या बारीक, प्लेटलेट्सच्या, भुसभुशीत. त्या बनतात, मोडतात, पुढे सरकतात, दुसरीकडे पुन्हा बनतात. म्हणूनच सीटी स्कॅन अनेकदा स्वच्छ निघतो, एमआरआयमध्येही कधीकधी काही दिसत नाही, आणि घरच्यांना 'ताण असेल, झोप झाली नसेल' असं सांगून परत पाठवलं जातं. तरुण बाईच्या बाबतीत तर हे फारच सहज होतं, आणि त्याचा मला मनापासून राग येतो. 'ताण' हे निदान सगळ्यात शेवटी यायला हवं, निदान एक साधी रक्ततपासणी झाल्यावर तरी.

सगळेच पक्षाघात असे बारीक नसतात. टीटीपीत मोठी धमनीही बंद पडू शकते, एक बाजू पूर्ण लुळी पडू शकते, वाचा जाऊ शकते. क्वचित पक्षाघात आधी येतो आणि प्लेटलेट्स त्यानंतर काही दिवसांनी घसरतात. तशा वेळी पहिल्या दिवशीचा रिपोर्ट पाहून टीटीपी नाही असं म्हणणं धोक्याचं.

आणि इथेच तातडीच्या विभागात पेच पडतो. गुठळीमुळे झालेल्या पक्षाघातात पहिल्या साडेचार तासांत गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देतात. पण प्लेटलेट्स एक लाखाच्या खाली असतील तर मेंदूत रक्तस्राव होण्याच्या भीतीनं ते टाळलं जातं. मग रुग्णाला द्यायचं काय? टीटीपी सुचला नाही तर हात बांधल्यासारखे होतात. सुचला तर वेगळीच वाट उघडते, कारण इथे गुठळी विरघळवण्यापेक्षा तिचा उगम थांबवणं जास्त महत्त्वाचं असतं.

काचेच्या पट्टीवरचा पुरावा

तो सुचावा कशावरून? माझ्या मते या सगळ्या गोष्टीतला सर्वांत मोलाचा तपास सर्वांत साधाही आहे. रक्ताचा एक थेंब काचेच्या पट्टीवर पसरवून, रंगवून मायक्रोस्कोपखाली पाहणं. याला पेरिफेरल स्मिअर म्हणतात.

निरोगी रक्तात तांबड्या पेशी गोल, गुलाबी, मध्ये फिकट अशा दिसतात, आणि त्यांच्यामधून जांभळे बारीक ठिपके विखुरलेले असतात, त्या प्लेटलेट्स. टीटीपीच्या पट्टीवर आधी नजरेत भरते ती रिकामी जागा. एक चौकट सरकवा, दुसरी सरकवा, जांभळा ठिपका शोधून सापडत नाही. मग गोल पेशींच्या गर्दीत वेडेवाकडे तुकडे दिसायला लागतात. कुणाचं एक टोक सरळ कापल्यासारखं, वर दोन शिंगं, शिरस्त्राणासारखा आकार. कुणी त्रिकोणी. कुणी नुसतीच चंद्रकोर. यांना शिस्टोसाइट म्हणतात, म्हणजे फाटलेल्या तांबड्या पेशी. रक्त मोजणारं यंत्र आकडा चोख देतं, पण या तुकड्यांची खात्री माणसाच्या डोळ्यांनीच करावी लागते. कमी प्लेटलेट्स आणि फाटलेल्या पेशी एकत्र दिसल्या, की पाहणाऱ्यानं रिपोर्ट टाइप होण्याची वाट न बघता वॉर्डात फोन करायचा असतो.

बाकीच्या तपासण्या याच चित्राला जोड देतात. रक्तातलं एलडीएच खूप वाढलेलं असतं, बिलिरुबिन थोडं वाढलेलं, हॅप्टोग्लोबिन जवळपास संपलेलं; तांबड्या पेशी फुटत असल्याच्या या तिन्ही खुणा. कूम्ब्स तपासणी निगेटिव्ह येते, म्हणजे तांबड्या पेशी अँटीबॉडीनं फुटलेल्या नसतात. रक्त गोठण्याच्या पीटी, एपीटीटी या तपासण्या साधारणपणे नॉर्मल असतात. ही गोष्ट महत्त्वाची, कारण जंतुसंसर्ग रक्तात पसरल्यावर होणाऱ्या डीआयसी या प्रकारातही प्लेटलेट्स घसरतात, पण तिथे या तपासण्या बिघडतात. प्लेटलेट्सचा आकडा बहुतेकदा ३०,००० च्या खाली असतो. नॉर्मल आकडा दीड ते साडेचार लाख.

पूर्वी पाठ्यपुस्तकात पाच लक्षणं एकत्र शिकवत: ताप, रक्तक्षय, कमी प्लेटलेट्स, मेंदूची लक्षणं, मूत्रपिंडाचा बिघाड. ही पाचांची यादी १९६६ मधल्या २७१ रुग्णांच्या आढाव्यातून रुजली. तेव्हा उपचार नव्हता, रुग्ण शेवटपर्यंत खालावत जात आणि पाचही लक्षणं दिसत. आज पाचही दिसेपर्यंत थांबणं म्हणजे रुग्ण हातचा घालवणं. म्हणून आता डॉक्टर सात मुद्द्यांचा प्लाझ्मिक स्कोअर वापरतात. तो २०१७ मध्ये मांडला गेला आणि नेहमीच्या तपासण्यांवरून काही मिनिटांत निघतो. सहा किंवा सात गुण आले तर टीटीपीची शक्यता मोठी.

पक्की तपासणी अ‍ॅडॅम्टीएस-१३ ची. तिचा निकाल यायला अनेक ठिकाणी काही दिवस लागतात, उपचार मात्र आजच सुरू करायचे असतात. तरी नमुना उपचारांच्या आधी घ्यावा लागतो, कारण उपचारात रुग्णाला दात्याचा प्लाझ्मा देतात, म्हणजे रक्तातला पेशी वगळून उरलेला पिवळसर द्रव. त्यात हे एन्झाइम असतंच आणि नंतर घेतलेला नमुना दिशाभूल करतो. नातेवाइकांनी विचारायचा एक प्रश्न निवडायचा झाला तर मी हाच सांगेन: 'अ‍ॅडॅम्टीएस-१३ चा नमुना प्लाझ्मा देण्याआधी घेतला का?'

एक गफलत इथे वारंवार होते. आकडा १०,००० पाहून प्लेटलेट्सच्या पिशव्या चढवाव्यात असं कुणालाही वाटेल. टीटीपीत मात्र जीवघेणा रक्तस्राव होत नसेल तर त्या टाळतात. धागे अजून लोंबतच आहेत, नव्या प्लेटलेट्स त्यांनाच जाऊन चिकटण्याची भीती असते. नातेवाइकांना हे पटत नाही, 'आकडा एवढा कमी आणि डॉक्टर काही चढवत का नाहीत' म्हणून भांडण होतं. त्यांना कुणीतरी शांतपणे बसून हा धाग्याचा हिशेब सांगायला हवा.

कमी प्लेटलेट्स आणि गुठळ्या ही जोडी फक्त टीटीपीत नसते, एवढं जाता जाता सांगतो. गुठळ्या होऊ नयेत म्हणून देतात त्या हिपॅरिन या औषधामुळेच काहींच्या प्लेटलेट्स घसरतात आणि तरी गुठळ्या होतात. २०२१ मध्ये काही कोविड लशींनंतर अगदी क्वचित असाच प्रकार मेंदूच्या शिरांमध्ये आढळला. आणि इसेन्शियल थ्रॉम्बोसायथेमिया या विकारात उलट प्लेटलेट्स अतोनात वाढतात आणि त्यातूनही पक्षाघात होतो. कारणं वेगळी, उपचार वेगळे. नुसत्या आकड्यावरून निदान होत नाही, ते या सगळ्यांना सारखंच लागू.

प्लाझ्मा बदलणं

टीटीपीचा मुख्य उपचार म्हणजे रुग्णाचा प्लाझ्मा काढून त्या जागी दात्यांचा प्लाझ्मा भरणं. काढलेल्या प्लाझ्माबरोबर त्रास देणाऱ्या अँटीबॉडी आणि लांब धागे जातात, भरलेल्या प्लाझ्माबरोबर ताजी कात्री येते. कारण माहीत नव्हतं तेव्हापासून हा उपाय चालत आला आहे. १९९१ मध्ये कॅनडात १०२ रुग्णांवर झालेल्या चाचणीत, प्लाझ्मा नुसता चढवलेल्यांपैकी सहा महिन्यांनी ६३ टक्के जिवंत होते, बदललेल्यांपैकी ७८ टक्के. त्यानंतर हा उपाय सगळीकडे रुळला. ब्रिटनमधल्या रक्तविकारतज्ज्ञांच्या सूचना सांगतात की शक्यतो चार ते आठ तासांत सुरुवात करा. यंत्र लगेच उपलब्ध नसेल तर रुग्णाला हलवेपर्यंत निदान प्लाझ्मा चढवत राहायचा.

प्रत्यक्षात हे कसं असतं? मानेतल्या किंवा जांघेतल्या मोठ्या शिरेत जाड नळी बसवतात. एका बाजूनं रक्त यंत्रात जातं, तिथे गरगर फिरून पेशी आणि प्लाझ्मा वेगळे होतात, पेशी परत येतात. एका बाजूच्या पिशवीत रुग्णाचा प्लाझ्मा साचत जातो, दुसऱ्या बाजूला दात्यांच्या पिशव्या एकामागून एक रिकाम्या होतात. एका बैठकीत तीनेक लिटर प्लाझ्मा बदलला जातो, दोन-तीन तास लागतात. मध्येच रुग्ण म्हणतो, ओठांभोवती मुंग्या येतायत, बोटं बधिर वाटतायत. यंत्रात रक्त गोठू नये म्हणून घातलेलं सायट्रेट रक्तातलं कॅल्शियम बांधून ठेवतं, त्याचा हा परिणाम. कॅल्शियम दिलं की कमी होतो. पण ज्या माणसाला पक्षाघात होऊन गेलाय, त्याला ओठ बधिर झाल्यावर काय वाटत असेल? ही सूचना त्याला आधीच द्यायला हवी.

हे रोज करायचं असतं, प्लेटलेट्स दीड लाखाच्या वर जाऊन तिथे टिकेपर्यंत. सोबत अँटीबॉडी दाबण्यासाठी स्टिरॉइड आणि रिटुक्सिमॅब देतात. २०१८ मध्ये युरोपात आणि २०१९ मध्ये अमेरिकेत कॅप्लासिझुमॅब या औषधाला मान्यता मिळाली. लामा या उंटाच्या कुळातल्या प्राण्यांमधल्या छोट्या अँटीबॉडीच्या धर्तीवर ते बनवलंय. ते प्लेटलेट आणि धाग्याच्या मध्ये जाऊन बसतं, मग धागा लांब असला तरी प्लेटलेट त्याला धरू शकत नाही. अँटीबॉडी दबायला दिवस किंवा आठवडे लागतात, तेवढा काळ मेंदू आणि हृदय सांभाळायचं काम ते करतं. रक्तस्रावाचा धोका मात्र वाढतो. जन्मजात टीटीपीसाठी कारखान्यात बनवलेलं अ‍ॅडॅम्टीएस-१३ आलंय, त्याला अमेरिकेत नोव्हेंबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. प्लेटलेट्स ५०,००० च्या वर आल्या की अनेक डॉक्टर कमी मात्रेत अ‍ॅस्पिरिनही सुरू करतात.

बरं झाल्यानंतर

पूर्वी असं समजत की प्लेटलेट्स नॉर्मल झाल्या म्हणजे प्रकरण मिटलं. रुग्ण मात्र वेगळं सांगत राहिले. नावं आठवत नाहीत, हिशेब करताना डोकं थकतं, दोन कामं एकदम जमत नाहीत, उदास वाटतं. रिपोर्ट नॉर्मल असल्यानं त्यांच्याकडे फारसं लक्ष गेलं नाही. नंतर बऱ्या झालेल्यांचे एमआरआय काढल्यावर त्यातल्या अनेकांच्या मेंदूत जुन्या, कधी जाणवलेल्याही नाहीत अशा छोट्या इजा सापडल्या.

पुढची गोष्ट जास्त काळजीची. अमेरिकेत २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात टीटीपीतून बऱ्या झालेल्या १७० रुग्णांचा साधारण तीन वर्षं मागोवा घेतला. त्यांच्यापैकी सुमारे १३ टक्क्यांना पक्षाघात झाला, आणि तोही टीटीपी उलटलेला नसताना, प्लेटलेट्स ठीक असताना. त्यांच्या वयाच्या इतर लोकांशी तुलना केली तर हे प्रमाण कितीतरी जास्त आहे. ज्यांचं अ‍ॅडॅम्टीएस-१३ बरं झाल्यावर ७० टक्क्यांच्या वर पोचलं होतं, त्यांच्यात पक्षाघात आढळला नाही. जे त्याखाली अडकले होते, त्यांच्यात तो झाला. म्हणजे कात्री अगदी नाहीशी नसली, नुसती बोथट राहिली, तरी मेंदूला ते पुरतं बाधू शकतं.

म्हणून आता नुसत्या प्लेटलेट्सवर समाधान मानत नाहीत. अ‍ॅडॅम्टीएस-१३ सुरुवातीला दर महिन्याला, मग दर तीन महिन्यांनी, पुढे सहा ते बारा महिन्यांनी तपासतात. ते २० टक्क्यांच्या खाली घसरू लागलं तर प्लेटलेट्स नॉर्मल असतानाच रिटुक्सिमॅब देऊन आजार उलटण्याआधी अडवता येतो. रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल यांवरही इतरांपेक्षा कडक नजर लागते. रक्तदाब तर टीटीपी होऊन गेलेल्यांत जास्त प्रमाणात आढळतो. गरोदरपणाचा विचार असेल तर दिवस राहण्याआधीच रक्तविकारतज्ज्ञांशी बोलायला हवं.

आणि चेहरा एका बाजूला ओढला गेला, हात खाली पडला, बोलणं अडखळलं, तर ते पाच मिनिटांत सरळ झालं तरी त्याच क्षणी दवाखाना गाठायचा. तिथे पोचल्यावर काय होतंय ते सांगण्याच्या आधीचं वाक्य असावं: 'मला टीटीपी होऊन गेलाय.' रुग्णाला बोलता येत नसेल तर ते त्याच्या पाकिटातल्या चिठ्ठीवर लिहिलेलं हवं, निदानाची तारीख, शेवटचा अ‍ॅडॅम्टीएस-१३ चा आकडा आणि त्याच्या डॉक्टरांचा फोन नंबर यांच्यासकट.